चांगला फोन शेवटी

“एकशे बारा नंबर?”

“दोनच्या आत. नाही.”

“एकशे सत्तावीस?”

“दोनच्या आत. नाहीच. आज काही खरं नाही हो ताई,” लॅबमधले आकडेबुवा फोनवर म्हणाले.

मी फाईलचा नंबर म्हणायचे, बुवा रक्तातला आकडा सांगायचे आणि मी तो पेन्सिलीने कागदावर टिपायचे. दोनच्या आत म्हणजे गर्भ रुजला नाही. बुवांना आम्ही आकडेबुवा म्हणायचो, कारण माणसाला दुसरा विषयच नव्हता. लिफ्टमध्ये भेटले तरी ‘आज किती?’ असं विचारायचे.

“एकशे एकतीस?”

बुवा खाकरले. “लिहा. चारशे बारा.”

“काय सांगता!”

“दोनदा लावलाय मशीनला. तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं मला.”

मी ताडकन उठले. खुर्ची मागच्या कपाटावर आपटली, कपातला चहा अर्धा टेबलावर सांडला आणि मी रिकाम्या खोलीत एकटीच हसत सुटले. एकशे एकतीस म्हणजे आमची चष्मेवाली. तिची ही चौथी खेप होती.

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एका आकड्यावरून एवढी का नाचतेय. तिसऱ्या मजल्यावर, सोनोग्राफीच्या खोलीला लागून, आमची संशोधनाची खोली आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक फोन, आणि खिडकी अशी की बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत सोडून काही दिसत नाही. मोठ्या मॅडम एक अभ्यास करत होत्या. गोठवून ठेवलेला गर्भ बाईच्या पिशवीत सोडला की तो टिकायला बाहेरून हार्मोन द्यावं लागतं. ते गोळीने दिलेलं बरं की इंजेक्शनने, एवढाच प्रश्न. त्यासाठी तीनशे बायका. गर्भ सोडल्यावर बाराव्या दिवशी रक्त घ्यायचं, दुपारी दोनला लॅबने आकडे सांगायचे, आणि मी त्या त्या बाईला फोन करायचा. अकरा वर्षं मी फोन करतेय. बायका मला फोनताई म्हणतात. माझं खरं नाव किती जणींना ठाऊक असेल देव जाणे.

या कामाला कुणी शिकवत नाही. आपलं आपण शिकायचं. मी पहिल्याच महिन्यात एक धडा शिकले. एकीला चांगली बातमी सांगितली, तिने फोनवर मला हजार आशीर्वाद दिले, आणि त्याच तोंडाने मी दुसरीला फोन लावला. मी नुसतं ‘हॅलो’ म्हणाले. माझ्या आवाजात पहिलीचं हसू तसंच राहिलं होतं. ही बाई तिकडे आनंदाने रडायलाच लागली. तिचं ‘नाही’ होतं. ते मी तिला कसं सांगितलं ते आजही आठवू नये असं वाटतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, वाईट आधी, चांगलं शेवटी. दोन ते साडेतीन वाईट फोन. मग तोंडावर पाणी मारायचं, अर्धा कप चहा घ्यायचा, आणि चारनंतर चांगले फोन. अकरा वर्षं हा क्रम मोडला नाही. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं. मला वाटायचं हे माझं एकटीचं गुपित आहे.

चष्मेवाली चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. पस्तिशीची, बारीक अंगाची, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी संमतीचा फॉर्म वाचताना तिने माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला होता. “काय हे ताई, एक दांडी वर, एक खाली. तुम्हाला सगळं जग तिरकं दिसत असेल.” पर्समधून चिमुकला स्क्रूड्रायव्हर काढून तिथल्या तिथे सरळ करून दिला. तीन खेपा झाल्या, त्यातल्या दोन वेळा ‘नाही’ मीच सांगितलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, “बरं. तुम्ही जेवलात का?” बाई रडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या खेपेला घोळ झाला होता. फोन तिच्या जावेने उचलला, मी तेव्हा रजेवर होते, माझ्या जागी आलेल्या मुलीने जावेलाच सगळं बोलून टाकलं. चष्मेवाली घरी पोचायच्या आत सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. म्हणून या अभ्यासात आली तेव्हा फॉर्मवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘निकाल फक्त मलाच सांगावा. नवऱ्यालाही मीच सांगेन.’ खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तर त्या शुक्रवारी माझ्या कागदावर पाच नंबर होते. चार ‘नाही’, एक ‘हो’. क्रमाने जायचं तर हिचा फोन चारनंतर. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मला धीर धरवेना. म्हटलं, चार वर्षं ही बाई वाट बघतेय, आणखी दोन तास कशाला? एकदा मोडला क्रम म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? आणि मी पहिला फोन तिलाच लावला.

वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. दोन रिंग झाल्या आणि तिकडून कापला. तिसऱ्यांदा लावला तर बंद.

म्हटलं, गिऱ्हाईक असेल. बाकीच्या चौघींना फोन केले. एकशे बारा नंबरची बाई काही बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता, मी सात मिनिटं तशीच कानाला लावून बसले. एकशे सत्तावीसवाली म्हणाली, “मला आधीच वाटलं होतं.” सगळ्याजणी तेच म्हणतात. चारला पुन्हा चष्मेवालीला लावला. बंद. पाचला बंद. शेवटी मेसेज टाकला, ‘कृपया संशोधन विभागाला फोन करा.’ त्यात निकाल लिहायचा नाही असा नियम. मेसेज कुणीही वाचू शकतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचं एकच, “अगं, बॅटरी संपली असेल. तू कशाला जीव टांगणीला लावतेस? पोर तर आलंय ना पोटात?” आमच्या ह्यांना फोन बंद असण्याचं एकच कारण ठाऊक आहे.

पण माझी काळजी काही जाईना. कारण बायकांना आम्ही एक छापील कागद देतो. त्यावर लिहिलेलं असतं, निकाल ‘नाही’ आला तर औषध बंद करावं, तीन-चार दिवसांत पाळी येईल. आणि या पद्धतीत बाईचं स्वतःचं शरीर ते हार्मोन बनवत नाही. सगळी मदार बाहेरच्या औषधावर. ते थांबलं की रुजलेल्याचा आधारच गेला.

शनिवारी मी मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. “नवऱ्याला फोन करू का?”

“तिने काय लिहून दिलंय?” मॅडमनी विचारलं.

“फक्त मलाच, असं.”

“मग कसा करणार? आणि ताई, तुम्ही सांगितल्याशिवाय ती औषध कशाला बंद करेल? चौथी खेप आहे तिची. तिला नियम आपल्यापेक्षा जास्त पाठ असतील.”

ते पटलं मला. मॅडमचं काही चुकलं नाही, मीही तेच म्हटलं असतं. तरी रविवारी मी घरून नऊ वेळा फोन लावला. नऊही वेळा बंद. सोमवारी सकाळी दवाखान्यात न जाता सरळ तिच्या दुकानावर गेले. नियमात हे बसत नव्हतं. म्हटलं, गिऱ्हाईक म्हणून गेलं तर कोण विचारतंय?

दुकान लांबोळकं, दोन्ही भिंतींना आरसे आणि काचेच्या फळ्यांवर फ्रेमा. मालक गल्ल्यापाशी कुणाशी तरी वाद घालत होता. चष्मेवाली मागच्या बाजूला उंच स्टुलावर बसून भिंग घासत होती. मला बघून तिचा हात थांबला.

“या,” ती मोठ्याने म्हणाली, “नंबर तपासायचाय ना? बसा.” मग माझ्यासमोर वाकून, मालकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “ताई, इथे कशाला आलात? फॉर्मवर सही पाहिजे असेल तर मी येते ना गुरुवारी. इथे कुणाला ठाऊक नाही.”

“फोन का बंद ठेवलात?”

“ऐकायची ताकद नव्हती. तीनदा ऐकलं ना? चौथ्यांदा नाही ऐकलं तर काय बिघडतं?” तिने जड तपासणीची फ्रेम माझ्या नाकावर ठेवली आणि डाव्या डोळ्यावर झाकण लावलं. “समोर बघा. वाचा.”

“अहो, कोणी सांगितलं तुम्हाला ‘नाही’ आहे म्हणून?”

“तुम्हीच की. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला तुमचा.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय ताई? सगळ्यांना ठाऊक आहे. फोनताईंचा फोन चारच्या आत आला की उचलू नये. चांगला फोन शेवटी असतो. रक्त द्यायला बसतो ना आम्ही सगळ्या, पहिल्या दिवशीच जुन्या बायका नव्यांना सांगतात. बाराव्या दिवशी दोनपासून आम्ही घड्याळच बघत असतो. पावणेचार झाले आणि फोन आला नाही, की फोन हातातच धरून बसतो.”

अकरा वर्षांचं माझं गुपित! मी त्या जड फ्रेमीतून तिच्याकडे बघत होते, एका डोळ्याने, आणि ती मला धूसर दिसत होती.

“गोळ्या घेताय ना?” मी विचारलं.

“कशाला घेऊ? शुक्रवारी रात्रीच बंद केल्या. डबा टाकून दिला कचऱ्यात.”

“अगं बाई,” मी तिचा हात धरला, “चारशे बारा होता तुझा आकडा. चारशे बारा! ‘हो’ आहे. दिवस गेलेत तुला.”

मी तिला अरे-तुरे कधी करत नसे. ते तोंडातून निघून गेलं. ती भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली, जणू तिलाच वाचायला सांगितलं होतं. मग तिने माझ्या नाकावरची फ्रेम काढली, पुसली, खोक्यात नीट ठेवली आणि मालकाला म्हणाली, “मी अर्ध्या तासात येते.” ती अर्ध्या तासात आली नाही. मी तिला रिक्षात घालून सरळ मॅडमपुढे नेऊन बसवलं.

मॅडमनी तिथल्या तिथे इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त मागवलं. बाहेर आल्यावर चष्मेवाली बाकावर बसली आणि पोटावर पर्स धरून हळूच म्हणाली, “ताई, सकाळपासून कंबर दुखतेय.” मी म्हटलं, स्टुलावर बसून दुखत असेल. ती म्हणाली, “असेल.”

मंगळवारी बुवांनी आकडा सांगितला तो मला टिपावासा वाटेना. चार दिवसांत सोळाशेच्या घरात जायला हवा होता. नऊशे वीस होता. “वाढतोय ताई,” बुवा म्हणाले, “वाढतोय तर खरा.” बुवांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

पुढचे अडीच आठवडे कसे गेले ते मी आणि तीच जाणो. ती दिवसाआड यायची. चप्पल काढताना, जिना चढताना, बसताना, सगळं इतक्या जपून करायची, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. नवऱ्याला सांगितलं का, विचारलं, तर म्हणाली, “सांगितलं. पण असं सांगितलं की त्याने हसावं की नाही तेच त्याला कळलं नाही. म्हटलं, आहे, पण तीन दिवस औषध चुकलंय, पण आकडा वाढतोय, पण हळू. इतके ‘पण’ ऐकल्यावर कोण हसेल?”

सोनोग्राफीच्या दिवशी मी तिच्या उशाशी उभी होते. पडद्यावर पिशवी दिसली. आतलं इवलंसं काही दिसलं. मॅडमनी आवाजाचं बटण दाबलं, यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. ठोके नव्हते. आठवडाभर वाट बघून पुन्हा तपासलं. नव्हतेच.

“बरं,” चष्मेवाली म्हणाली. या वेळी तिने मला जेवलात का असं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी खोलीत मी आणि मॅडम दोघीच होतो. मी विचारलं, “त्या तीन दिवसांमुळे झालं का?”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. दिवसभर तपासण्या करून त्यांचे डोळे लाल झाले होते. “ताई, औषध एक दिवसही न चुकवता गर्भ थांबलेल्या किती फाईली आहेत या कपाटात, तुम्हीच लावल्यात ना? कदाचित ह्याचे ठोके तसेही आले नसते. कदाचित आले असते. शंभर बायकांचं मी सांगू शकते, शंभरातल्या इतक्या आणि तितक्या. एकीचं मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही.”

“मग ती स्वतःला दोष देईल.”

“देईलच. तिला सांगा, तिची चूक नाही म्हणून.”

“तिची नाहीच,” मी म्हणाले, “माझी आहे.”

मॅडमनी वर बघितलं. मी सगळं सांगितलं. वाईट आधी, चांगलं शेवटी, अकरा वर्षं, बायकांचं घड्याळ, दोन वाजून दहा मिनिटं. त्या ऐकत राहिल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वीस वर्षं बायकांचं पोट तपासणाऱ्या बाईला बाहेरच्या बाकावर काय बोललं जातं ते कळत नाही.

अभ्यासाच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो. औषध चुकलं का? किती दिवस? कुणाकडून, रुग्णाकडून की संस्थेकडून? आणि कारण. बायकांनी गोळी विसरली की आम्ही ‘रुग्णाकडून’ लिहून मोकळे होतो. दुसऱ्या दिवशी चष्मेवालीचा फॉर्म मी भरायला घेतला. ‘होय. तीन दिवस. संस्थेकडून. कारण – फोन करणारीने निकालाचे फोन नेहमीच्या क्रमाने केले नाहीत.’ खाली सही केली आणि मॅडमपुढे ठेवला.

“असं लिहिलंत तर मला समितीपुढे उत्तर द्यावं लागेल,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबद्दलही विचारतील. तुमचं कंत्राट मार्चला संपतंय.”

“विचारू दे की. मी आहेच सांगायला.”

मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. मला वाटलं आता परत करतील. त्यांनी खाली आपली सही केली, आणि म्हणाल्या, “ते ‘फोन करणारी’ खोडा. ‘संशोधन विभाग’ लिहा. फोन तुम्ही एकट्या करत होतात, पण क्रम कुणी ठरवून दिला नव्हता ही माझीही चूक आहे.” मी खोडून लिहिलं. मॅडम कंटाळल्या होत्या, दमल्या होत्या, घरी जायची घाई होती, तरी एवढं केलं त्यांनी.

आता मी फाईलच्या नंबराने फोन करते. आधी लहान नंबर, मग मोठा. कधी वाईटानंतर चांगलं, कधी चांगल्यानंतर वाईट, जसं येईल तसं. मधे प्रत्येक वेळी उठून तोंडावर पाणी मारते. दिवसाला पाच-सहा वेळा. ह्यांनी विचारलंसुद्धा, “हल्ली केस पुढून ओले का असतात गं?” बायकांनाही बाकावर सांगून टाकलं, की घड्याळ बघू नका, घड्याळात आता काही नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांच्या हातातलं काहीतरी काढूनच घेतलं.

चष्मेवाली महिन्याने आली. सही राहिली होती. दुपारची वेळ, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती दोन ठिकाणी सही करून उठायच्या बेतात होती. मी म्हटलं, “बसा जरा. काय सही केलीत ते वाचा तरी.”

तिने तो रकाना वाचला. मग पुन्हा वाचला.

“संस्थेकडून?”

“हो.”

“पण गोळ्या मी टाकल्या ना ताई. माझ्या हाताने. निकाल ऐकायच्या आधी बंद करू नका, असं तुम्ही शंभरदा सांगितलं होतं. रोज रात्री तो डबा दिसतो मला. कचऱ्यात वरच पडला होता, झाकण उघडं. नुसता हात घालून काढला असता तर.”

“फोन मी चारनंतर केला असता तर तुम्ही उचलला असता.”

“उचलला असता,” ती म्हणाली.

“मग झालं तर.”

ती बोटाने कागदाची कड सरळ करत राहिली. मला वाटलं आता चिडेल. चिडावी अशीच माझी इच्छा होती. कुणीतरी मला चार शब्द सुनावायला हवे होते, महिनाभर सगळे माझ्याशी गोडच बोलत होते.

“एक विचारू?” ती म्हणाली. “अकरा वर्षं क्रम मोडला नाहीत. मग माझ्याच वेळी का मोडलात?”

“राहवलं नाही हो.” मी म्हणाले. “दुसरं काय सांगू? तुमचा आकडा ऐकला आणि मला राहवलंच नाही. चारला सांगायचं, दोन तासांनी सांगायचं, छे! म्हटलं आत्ता, पहिलं हिलाच सांगायचं. एवढा आनंद झाला मला, की मी अक्कल गहाण टाकली.”

तिने मान वर केली. “खूप आनंद झाला होता?”

“म्हणजे काय!”

“कसा?”

“कसा म्हणजे?”

“सांगा ना,” ती म्हणाली. पर्स मांडीवरून उचलून तिने खाली जमिनीवर ठेवली. “मला झालाच नाही ताई. आधी मी नाही समजून बसले. मग तुम्ही सांगितलंत तेव्हा घाबरले, मग नुसती घाबरतच राहिले. नवराही घाबरला. घरात कुणी हसलंच नाही. सहा आठवडे होतं ते माझ्या पोटात, आणि त्याच्यासाठी कुणाला आनंद झाला असं मला वाटतच नव्हतं. तुम्हाला झाला होता. तर सांगा, काय काय झालं.”

तिने डोळे माझ्यावर लावले होते. मी सांगितलं, की मी ताडकन उठले. ही खुर्ची मागे जाऊन त्या कपाटावर आपटली, हा बघा पोचा पडलाय. चहा सांडला तो या टेबलावर, इथून इथपर्यंत. मी वेड्यासारखी एकटीच हसत होते, सोनोग्राफीतली नर्स दार उघडून बघून गेली काय झालं म्हणून. आणि मी मोठ्याने म्हणाले...

“काय म्हणालात?”

“म्हणाले, ‘आलं बाई एकदाचं!’”

ती उठली. कपाटावरच्या पोच्यावर तिने बोट ठेवलं, भिंगावरचा चरा चाचपतात तसं हळूच फिरवलं. मग पुन्हा खुर्चीत येऊन बसली. डोळे वाहत होते, तिने ते पुसले नाहीत. चार वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होते.

“परत सांगा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. तुम्ही बुवांना काय विचारलंत तिथून.”

दोन वाजत आले होते. लॅबचा फोन कुठल्याही क्षणी वाजणार होता. मी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला.

“मी विचारलं, ‘एकशे एकतीस?’”

“हं. मग?”

“मग बुवा खाकरले.”